पुण्यात एम्बेडेड सिस्टिम्समध्ये एम.टेक.: प्रवेशाच्या निर्णयापासून प्रबंधापर्यंत

पुण्यात एम्बेडेड सिस्टिम्सचे, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या आणि ठरावीक काम करणाऱ्या छोट्या संगणकांचे, शिक्षण तीन प्रकारे मिळते, आणि अर्ज भरण्याआधी त्यांतील फरक नीट समजून घेतला नाही तर वेळ आणि पैसा दोन्ही भलत्या ठिकाणी खर्च होतात. पहिला प्रकार म्हणजे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ती एम.ई. म्हणून, बहुधा ‘व्हीएलएसआय (चिपची रचना) आणि एम्बेडेड सिस्टिम्स’ या जोडनावाने मिळते. सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठासारख्या स्वतंत्र संस्थांत आणि गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण-तंत्रज्ञान संस्थेमध्ये पदवीचे नाव एम.टेक. असते. दुसरा प्रकार म्हणजे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची सुमारे सहा महिन्यांची पूर्णवेळ पदविका, जिच्यासाठी सी-कॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिसरा प्रकार खासगी क्लासचा.

ज्याला वर्षभराच्या आत नोकरी हवी आहे आणि ज्याचे सी भाषेवर बऱ्यापैकी प्रभुत्व आहे, त्याने पदविकेचा विचार प्रामाणिकपणे करावा. त्यात काहीही कमीपणा नाही. एम.टेक.चा उपयोग वेगळा आहे. एखादी यंत्रणा चालते एवढे दाखवणे पदविकेतही शिकता येते, परंतु ती ठरलेल्या वेळेत चालते, सर्वांत वाईट परिस्थितीतही चालते आणि हे आकड्यांनी सिद्ध करता येते, हे शिकण्यासाठी दोन वर्षांची सवड लागते. पुढील मार्गदर्शन याच दृष्टीने लिहिले आहे, त्यामुळे मोजमापाचा विषय त्यात वारंवार येईल.

प्रवेशाचे गणित

गेट ही पदव्युत्तर अभियांत्रिकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. तिचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. त्यात गेट उत्तीर्ण उमेदवारांना प्राधान्य असते आणि शिल्लक जागांवर इतरांनाही प्रवेश मिळू शकतो. तरीही गेट देणे फायद्याचेच, कारण गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्यालाच एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते. कोथरूड किंवा कर्वेनगरात खोलीभाडे आणि मेस एवढ्या रकमेत भागवणे ओढाताणीचे आहे, पण घरून मागवायची रक्कम त्यामुळे बरीच कमी होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या गेट पेपरची तयारी करताना सिग्नल, नेटवर्क, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स यांचा कसून अभ्यास होतो, पण मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाचे, प्रत्यक्ष प्रोग्रामिंग त्यात कुठेच येत नाही. फेब्रुवारीत परीक्षा झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे महिने म्हणूनच मोलाचे आहेत.

महाविद्यालय निवडताना माहितीपुस्तिकेपेक्षा ग्रंथालयात जावे आणि मागील दोन-तीन वर्षांचे प्रबंध चाळावेत. त्यांत मोजलेल्या आकड्यांचे तक्ते आहेत की नुसती बोर्डांची छायाचित्रे आहेत, हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो. त्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रयोगशाळा सायंकाळी पाचनंतर उघडी मिळते का, आणि डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) हाताळायला देतात की कुलूपबंद कपाटात ठेवतात. अभ्यासक्रमाच्या जोडनावात व्हीएलएसआयचे पारडे किती जड आहे, हेही श्रेयांकांच्या तक्त्यावरून तपासावे. काही ठिकाणी एम्बेडेडचा वाटा नावापुरताच असतो.

वर्ग सुरू होण्यापूर्वी: सी भाषा, पण यंत्राच्या बाजूने

पदवीच्या काळात शिकलेली सी भाषा परीक्षेपुरती असते; येथे ती यंत्राच्या बाजूने पुन्हा शिकावी लागते. पॉइंटर, बिटवरील क्रिया, स्ट्रक्चरची स्मृतीतील मांडणी, चिन्हांकित आणि अचिन्हांकित पूर्णांकांची सरमिसळ झाली की काय घडते, आणि `व्होलाटाइल` हा शब्द कुठे लागतो, एवढ्या विषयांवर महिनाभर घालवला तरी तो वाया जात नाही. यांपैकी शेवटच्या मुद्द्यावर विद्यार्थी हमखास अडतात. इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून तातडीने चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारा ध्वज, म्हणजे खुणेचा चल, मुख्य लूपमध्ये तपासला जात असेल आणि तो व्होलाटाइल घोषित केलेला नसेल, तर कंपायलर त्याची किंमत एकदाच रजिस्टरमध्ये (चिपमधील छोट्या साठवणजागेत) उचलून ठेवू शकतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रोग्राम सुरळीत चालतो, ते सुरू केले की लूप कायमचा अडकतो, आणि विद्यार्थी बोर्ड बिघडला म्हणून दुकानात परत न्यायला निघतो. अशा वेळी कंपायलरने तयार केलेली असेम्ब्ली उघडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. असेम्ब्ली लिहिता आली नाही तरी चालेल. वाचता आलीच पाहिजे.

दुसरी सवय कागदपत्रे वाचण्याची. डेटाशीट आणि रेफरन्स मॅन्युअल ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत: पहिल्यात व्होल्टेज, विद्युतप्रवाह, पिना आणि तापमानाच्या मर्यादा असतात, तर दुसऱ्यात प्रत्येक रजिस्टरच्या प्रत्येक बिटचा अर्थ असतो. यांच्या जोडीला इराटा नावाचे तिसरे, लहानसे कागदपत्र असते, ज्यात चिपमधील ज्ञात दोष उत्पादकानेच नोंदवलेले असतात. ते बहुतेक विद्यार्थी उघडतच नाहीत.

स्वतःचे मेज

प्रयोगशाळेवर पूर्ण विसंबून दोन वर्षे काढता येत नाहीत, त्यामुळे खोलीवर एक लहानसे मेज हवे. बोर्ड म्हणून एसटीएम३२ न्यूक्लिओ मालिकेची निवड सोयीची ठरते, कारण प्रोग्राम उतरवण्याचे आणि डीबग करण्याचे साधन त्याच बोर्डावर असते आणि त्याच यूएसबी केबलमधून संगणकाशी सिरियल संवादही होतो. या मालिकेत स्वस्त आणि लोकप्रिय असलेल्या एफ४११ चिपमध्ये कॅन (वाहनातील इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणारी संवादवाहिनी) कंट्रोलर नाही, तर एफ४४६ मध्ये आहे. पुण्यात राहून वाहनक्षेत्राकडे जाण्याचा थोडाही विचार असेल, तर पहिल्याच खरेदीत एफ४४६ घ्यावा.

त्याबरोबर आठ वाहिन्यांचा, सेकंदाला २ कोटी ४० लाख नमुने घेणारा साधा लॉजिक ॲनालायझर (पिनांवरील संकेत वेळेनुसार दाखवणारे साधन), बरा मल्टिमीटर, तापमान नियंत्रित सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी एवढे सामान पुरते. ॲनालायझरसाठी पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर चालते. सुट्या घटकांसाठी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत चक्कर मारावी. रेझिस्टर, कनेक्टर, क्रिस्टल असे किरकोळ सामान तेथे नगावर मिळते आणि काउंटरवरच्या माणसाला पर्यायी घटकाचा क्रमांक बहुधा तोंडपाठ असतो. चिप आणि बोर्ड मात्र अधिकृत वितरकाकडूनच मागवावेत, कारण बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे आणि नकली चिपवर केलेल्या मोजमापाला प्रबंधात काडीची किंमत नाही.

५ व्होल्टचा सेन्सर ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडण्यापूर्वी ती पिन ५ व्होल्ट सहन करते का, हे डेटाशीटमधील पिनांच्या तक्त्यात ‘एफटी’ या खुणेवरून पाहावे.

पहिले सेमिस्टर: तयार लायब्ररीविना

उत्पादकाची तयार लायब्ररी नोकरीत वापरावीच लागते, पण पहिल्या सेमिस्टरमध्ये ती बाजूला ठेवावी. लिंकर स्क्रिप्ट (प्रोग्राम स्मृतीत कुठे बसेल ते सांगणारी फाइल), स्टार्टअप कोड, घड्याळाची जुळणी, एक पिन, एक टायमर, एक यूआर्ट (सिरियल संवादाचा भाग) आणि एक इंटरप्ट, एवढे सगळे रेफरन्स मॅन्युअल समोर ठेवून, थेट रजिस्टरमध्ये लिहून करावे. रीसेटनंतर मुख्य फंक्शनपर्यंत पोहोचेतो प्रोसेसर काय काय करतो, हे ज्याला कागदावर क्रमाने लिहिता येते, त्याची तोंडी परीक्षेतील निम्मी भीती तेथेच संपते.

याच टप्प्यावर मोजमाप सुरू करावे. पहिला प्रयोग इंटरप्टला लागणाऱ्या वेळेचा. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरमध्ये, स्मृतीकडून विलंब होत नसेल तर, इंटरप्ट आल्यापासून त्याच्या फंक्शनची पहिली सूचना सुरू होईपर्यंत १२ घड्याळ-चक्रे लागतात. एफ४४६ रीसेटनंतर १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे हा वेळ ०.७५ मायक्रोसेकंद होतो. एका पिनेवर बाहेरून कड द्यावी, इंटरप्टमध्ये शिरताच दुसरी पिन उंचावावी आणि दोहोंतील अंतर ॲनालायझरवर पाहावे. ते ०.७५ पेक्षा जास्त येईल. जास्तीचा वेळ कुठे गेला, म्हणजे पिनेवरील संकेत घड्याळाशी जुळवून घेण्यात किती, फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचनांत किती आणि पिन उंचावण्यात किती, याचा हिशेब लावणे हा खरा अभ्यास आहे.

आता तोच प्रोसेसर १८० मेगाहर्ट्झवर न्यावा. १२ चक्रांचा वेळ आता सुमारे ६७ नॅनोसेकंद होतो, तर आपल्या ॲनालायझरच्या दोन नमुन्यांतच सुमारे ४२ नॅनोसेकंदांचे अंतर आहे. म्हणजे हे साधन आता अपुरे पडले. शिवाय या वेगाला फ्लॅश स्मृती पुरी पडत नाही आणि प्रत्येक वाचनात प्रतीक्षा-चक्रे घालावी लागतात, त्यामुळे वेळ नेमक्या प्रमाणात घटतही नाही. अशा वेळी महाविद्यालयातील डीएसओ तरी वापरावा किंवा प्रोसेसरमधीलच ३२ बिटांचा चक्रगणक वाचावा. तो गणक १८० मेगाहर्ट्झवर सुमारे २४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, हे हिशेबात धरावे. मोजण्याचे साधन मोजायच्या गोष्टीपेक्षा किती बारीक आहे, हा प्रश्न दोन वर्षांत वारंवार समोर येणार आहे.

दुसरा प्रयोग प्रिंटचा. १,१५,२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) वेगाने, एका बाइटसाठी १० बिट धरून, एक अक्षर पाठवायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. ४० अक्षरांची ओळ वाट पाहत पाठवली तर जवळपास साडेतीन मिलिसेकंद जातात. दर मिलिसेकंदाला चालणाऱ्या इंटरप्टमध्ये अशी ओळ छापणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत सापडतो आणि यंत्रणा ‘मधूनच अडकते’ अशी तक्रार घेऊन गाईडकडे जातो. शोधण्यासाठी छापलेली ओळच दोषाचे कारण असते. छापण्याऐवजी एक पिन वरखाली करावी आणि ती ॲनालायझरवर पाहावी.

आय-टू-सी या सेन्सर जोडण्याच्या बसचा प्रयोग करताना पुल-अप (वायरीची पातळी वर खेचणारा) रेझिस्टर किती ओहमचा, याचेही गणित करावे. ४०० किलोहर्ट्झच्या वेगाला संकेत ३०० नॅनोसेकंदांच्या आत चढला पाहिजे. वायरींची धारकता १०० पिकोफॅरड धरली तर रेझिस्टर साधारण ३.५ किलोओहमहून मोठा चालत नाही. चिपमधील अंतर्गत पुल-अप ४० किलोओहमच्या आसपास असतो आणि त्याच्या भरवशावर राहिलेल्यांचे सेन्सर कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत.

रिअल-टाइम सिद्धान्त: वहीत आणि बोर्डावर

दुसऱ्या सेमिस्टरच्या सुमारास आरटीओएस, म्हणजे कामे ठरलेल्या वेळेत चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, येते. फ्रीआरटीओएस किंवा झेफर यांपैकी कोणतेही एक निवडावे. त्याचे टास्क (स्वतंत्र कामे), क्यू (संदेशांची रांग) आणि म्युटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी एकाच टास्कला देणारे कुलूप) आठवडाभरात वापरता येतात. वेळ लागतो तो टास्क वेळेत पूर्ण होतात हे दाखवायला. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली मांडलेला निकष असा: कमी कालावधीच्या टास्कला जास्त प्राधान्य दिले, टास्क परस्परांवर अवलंबून नसले आणि प्रत्येकाची मुदत त्याच्या कालावधीएवढी असली, तर प्रोसेसरचा एकूण वापर तीन टास्कसाठी ७८ टक्क्यांच्या आत असताना सर्व मुदती निश्चित पाळल्या जातात. टास्क वाढत गेले की ही मर्यादा ६९.३ टक्क्यांकडे उतरते.

एक उदाहरण वहीत सोडवून पाहावे. पहिला टास्क दर ५ मिलिसेकंदांनी येतो व २ मिलिसेकंद घेतो, दुसरा दर १० मिलिसेकंदांनी येतो व २ घेतो, तिसरा दर २५ मिलिसेकंदांनी येतो व ५ घेतो. एकूण वापर ४०, २० आणि २० मिळून ८० टक्के, म्हणजे मर्यादेबाहेर. येथे बरेच विद्यार्थी ‘जमणार नाही’ असे लिहून मोकळे होतात, पण निकष पुरेसा असला तरी आवश्यक नाही. तिसऱ्या टास्कचा प्रतिसादकाल काढताना त्याच्या स्वतःच्या ५ मिलिसेकंदांत वरच्या दोन टास्कच्या त्या काळातील सर्व फेऱ्या मिळवायच्या आणि बेरीज स्थिर होईपर्यंत पुन्हा मोजत जायचे: ५ वरून ९, ९ वरून ११, ११ वरून १५, आणि १५ वर बेरीज थांबते. मुदत २५ ची आहे, दुसऱ्या टास्कचा प्रतिसादकाल ४ येतो, तेव्हा सर्व टास्क वेळेत बसतात. हीच तीन टास्क बोर्डावर उभी करावीत आणि १५ मिलिसेकंदांचा आकडा ॲनालायझरवर दिसतो का ते पाहावे. शेड्युलरचा (टास्कची पाळी ठरवणाऱ्या भागाचा) स्वतःचा खर्च त्यात किती मिसळला, हेही तेव्हाच कळते.

प्राधान्याच्या उलटापालटीचे, म्हणजे प्रायॉरिटी इन्व्हर्जनचे उदाहरण सर्वत्र शिकवले जाते ते १९९७ च्या मार्स पाथफाइंडर या मंगळावर उतरलेल्या यानाचे. हवामानविषयक कमी प्राधान्याच्या टास्कने म्युटेक्स धरून ठेवला, मधल्या प्राधान्याच्या टास्कने त्याला चालू दिले नाही, आणि वरच्या प्राधान्याचे काम खोळंबल्याने यंत्रणा पुन:पुन्हा रीसेट होत राहिली. म्युटेक्सवरील प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा (म्युटेक्स धरणाऱ्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य देण्याचा) पर्याय पृथ्वीवरून सुरू केल्यावर दोष गेला. ही गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहून भागवू नये. तीन टास्क आणि एका म्युटेक्सने ती स्थिती आपल्या बोर्डावर घडवून आणायला एक दुपार पुरते.

फ्रीआरटीओएस कॉर्टेक्स-एमवर वापरणाऱ्यांना आणखी एक सूचना: या आरटीओएसच्या टास्कमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त प्राधान्य, तर प्रोसेसरच्या इंटरप्टमध्ये लहान आकडा म्हणजे जास्त प्राधान्य. आरटीओएसची फंक्शने वापरणाऱ्या इंटरप्टचे प्राधान्य ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेले, तर क्वचित दिसणारे आणि पुन्हा घडवता न येणारे बिघाड होतात.

कॅन बस आणि या शहराचा उद्योग

पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणमध्ये वाहनांचे कारखाने, हिंजवडीत वाहनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटीसारख्या कंपन्या आणि कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था असा शेजार असताना कॅन बस वरवर शिकणे परवडणारे नाही. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही बस दोन वायरींवर चालते, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, आणि म्हणून वीज बंद असताना दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक उघडे आहे. बोर्डावरील कंट्रोलर थेट वायरींना जोडता येत नाही. मध्ये ट्रान्सीव्हर चिप हवी. दोन नोड एकाच वेळी बोलू लागले तर लहान ओळखक्रमांकाचा संदेश न बिघडता पुढे जातो, त्यामुळे संदेशांना क्रमांक देणे म्हणजेच त्यांना प्राधान्य देणे. मोठ्या क्रमांकाच्या संदेशाला जास्तीत जास्त किती थांबावे लागेल, याचे गणित आधीच्या तीन टास्कच्या गणितासारखेच असते. फक्त सुरू झालेला संदेश मध्येच तोडता येत नाही, एवढा फरक धरावा.

मिस्रा सी हे सी भाषा सुरक्षितपणे लिहिण्याचे नियम आणि २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसओ २६२६२ हे वाहनसुरक्षेचे मानक यांची ओळख या टप्प्यावर करून घ्यावी, पाठांतर नको. एम्बेडेड लिनक्स, डिव्हाइस ट्री आणि ड्रायव्हर यांचा अभ्यास वेगळ्या लेखाचा विषय आहे.

प्रबंध

दुसरे वर्ष प्रबंधाचे, आणि त्याची यशापयशाची बीजे सिनॉप्सिसच्या एका वाक्यात असतात. ‘आयओटीवर आधारित स्मार्ट शेती’ हा विषय नव्हे. त्यात मोजण्यासारखा प्रश्नच नाही. याउलट, कॅन बसवरील भार १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत वाढवला तर त्याच प्रोसेसरवरील १ मिलिसेकंदाच्या नियंत्रण टास्कचा जिटर (वेळेतील चढउतार) किती वाढतो, आणि संदेश इंटरप्टमध्ये हाताळण्याऐवजी वेगळ्या टास्कमध्ये हाताळल्यास तो किती घटतो, हा प्रश्न साधा दिसला तरी त्याला उत्तर आहे, ते चूक ठरू शकते आणि दुसऱ्याला तपासता येते. परीक्षकाला डोळे दिपवणारे प्रात्यक्षिक आवडत असेलही, पण तोंडी परीक्षेत टिकतो तो आकडा.

निष्कर्ष मांडताना केवळ सरासरी देऊ नये. नमुन्यांची संख्या, किमान, कमाल आणि वितरणाचा आलेख द्यावा. घड्याळाचा वेग, कंपायलरची आवृत्ती आणि ऑप्टिमायझेशनचा पर्याय नोंदवावा. पाहिलेला सर्वांत मोठा वेळ म्हणजे शक्य असलेला सर्वांत मोठा वेळ नव्हे, आणि प्रबंधात या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला असेल तर जाणकार परीक्षक तेथेच थांबवतो. कच्चा विदा, कोड आणि आलेख काढण्याची स्क्रिप्ट गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) पहिल्या दिवसापासून ठेवावी. लॅपटॉप आजारी पडण्याची वेळ सादरीकरणाच्या आठवड्यातच येते.

कंपनीत इंटर्नशिप करत तेथेच प्रबंध करण्याचा मार्ग पुण्यात सहज उपलब्ध आहे आणि त्यातून नोकरीही मिळते, पण त्यात एक खाच आहे. कंपनीचे बोर्ड, कोड आणि मोजलेले आकडे गोपनीय ठरू शकतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कायदा विभागाने हात वर केले, तर वर्षभराचे काम छापता येत नाही. म्हणून सिनॉप्सिस सादर करण्यापूर्वी कोणते आकडे, कोणत्या आकृत्या आणि किती कोड प्रबंधात व शोधनिबंधात छापता येईल, याचे लेखी संमतिपत्र घ्यावे, त्यावर कंपनीतील मार्गदर्शकाबरोबर त्याच्या वरिष्ठाचीही सही घ्यावी आणि प्रत गाईडकडे द्यावी. असे पत्र महिनाभरात मिळाले नाही, तर तोच प्रश्न न्यूक्लिओ बोर्डावर, स्वतः लिहिलेल्या कोडसह, महाविद्यालयातच सोडवायला घ्यावा.